बोंगेकिलेच्या गाईचं कातडं

“हात लावू नकोस,” मा-शेझी पिकअपमधून उतरता उतरताच मला म्हणाल्या. “दार उघड फक्त.”

पुढच्या सीटच्या पायाशी ठेवलेलं करड्या घोंगडीचं एक गाठोडं बाहेर आलं. त्याचं एक टोक मा-शेझींच्या हातात होतं, दुसरं त्यांची भाची बोंगेकिले हिच्या हातात. दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या हे त्यांच्या वर उचललेल्या हनुवट्यांवरूनच कळत होतं. पण गाठोडं मात्र दोघींनी मिळून, पावलाला पाऊल जुळवत आत आणलं. मागे सामानाची एवढी मोकळी जागा असताना हे ओझं पुढे माणसांत बसून आलं होतं.

“मागे का नाही टाकलं?” मी बोंगेकिलेला हळूच विचारलं.

“तिलाच विचार.”

मा-शेझींच्या कानांतून काही सुटत नसे. “घरच्या माणसाला कोणी मागे टाकून आणतं का?” असं म्हणून त्यांनी गाठोडं माझ्या कामाच्या लांबलचक टेबलावर ठेवलं आणि त्यावर तळहात टेकवून उभ्या राहिल्या. मी खुर्ची पुढे केली, ती त्यांनी पायाने बाजूला सारली.

त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. मी मूळची कोल्हापूरची, सारिका सातपुते. आजोबा कातडी कमवायचे, वडील चपला बांधतात, आणि मी चामड्याच्या तंत्राची पदवी घेऊन पोट भरायला थेट दक्षिण आफ्रिकेत पोचले. झुलुलँडच्या डोंगरांत एका नदीकाठी लहानसा कारखाना होता, तिथे मी कातडी कमावण्याचं काम पाहायची. आमच्याकडे सगळी न्गुनी गाईंची कातडी यायची, ती आम्ही केसांसकट कमवायचो. डर्बनच्या हॉटेलांत, श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत ती जमिनीवर अंथरायला, भिंतींवर टांगायला जायची.

न्गुनी ही तिथल्या झुलू लोकांची स्वतःची गाय. अंगाने बेताची, काटक, ऊनपाऊस आणि गोचिडांना न जुमानणारी. शेकडो वर्षांपूर्वी ही माणसं उत्तरेकडून खाली आली ती या गाईंना पुढे घालून. तिच्या अंगावरची नक्षी अशी की एकीसारखी दुसरी सापडायची नाही. आपल्याकडे बांडी, कबरी, कपिला म्हटलं की विषय संपला. ते लोक तिथे थांबत नाहीत. पांढऱ्यावर बारीक काळे ठिपके असले तर गाईचं नाव ‘ताकात पडलेल्या माश्या’. करड्या ठिपक्यांची असली तर ‘चंडोलाची अंडी’. फांद्यांमधून आभाळ दिसावं तशी नक्षी असली तर तेच नाव. गाईला हाक मारायची तर आख्खं वाक्य बोलावं लागतं, आणि गुराख्यांना त्याचा कंटाळा येत नाही.

हे सगळं मला शिकवलं बोंगेकिले शेझीने. ती आमच्याकडे कातडी निवडायची आणि गिऱ्हाइकांना त्यांची नावं सांगायची. नाव ऐकल्यावर गिऱ्हाईक विरघळतं हे तिला पक्कं ठाऊक होतं. कधी कधी ती मनाचीच नावं ठोकून द्यायची आणि मग कोठारात येऊन पोट धरून हसायची. तिचं लग्न ठरलं होतं. वडील आदल्या हिवाळ्यात वारले होते. घरातून मुलगी निघाली की पूर्वजांना तसं सांगायचं असतं, त्यासाठी गाय कापतात. वडिलांनी हयातीतच एक गाय तिच्यासाठी बाजूला काढून ठेवली होती. काल शनिवारी ती कापली गेली. आणि आज रविवारी तिचं कातडं माझ्या टेबलावर होतं.

जानेवारी म्हणजे तिकडे ऐन उन्हाळा. डोंगरावरून गरम वारा सुटला होता, छपराचे पत्रे थडथडत होते. वीज सकाळीच गेली होती, त्यामुळे पंखे बंद. सुट्टी म्हणून कामगार कोणी नाही. माश्यांना मात्र सुट्टी नव्हती.

“उघडू का?” मी विचारलं.

मा-शेझींनी स्वतः घोंगडी उलगडली. आधी एक टोक, मग दुसरं, अगदी बेताबेताने. आत दुमडलेलं कातडं आम्ही तिघींनी टेबलावर पसरलं, आणि क्षणभर मी वास विसरले. काळसर तांबडं अंग, आणि पोटाच्या वरपासून खाली चारही पाय पांढरेशुभ्र. पांढऱ्या-तांबड्याची कड सरळ नव्हती. ती उंचसखल होती, कुठे वर गेलेली, कुठे घसरून खाली आलेली. घाईघाईत लुगडी वर खोचून बायका पाण्यात उतरल्यात असं वाटावं. गाईचं नावही तेच होतं, ‘बाया नदी ओलांडतात’. बोंगेकिलेच्या तोंडून ते मी कितीदा तरी ऐकलं होतं.

“केसांसकट कमव,” बोंगेकिले म्हणाली. “अख्खी. शेपटीच्या गोंड्यापर्यंत. मला घरात भिंतीवर लावायचीय.”

“केस काढ,” मा-शेझी म्हणाल्या. “घागरा करायचाय.”

दोघी माझ्याकडे बघत होत्या. गाडीत याच्यावरूनच जुंपली असणार.

झुलू बाई लग्नात चामड्याचा घागरा नेसते. बापाने दिलेल्या गाईचं कातडं घ्यायचं, केस खरवडून काढायचे, चरबी आणि काजळी चोळून ते काळंभोर करायचं आणि चुण्या घालून शिवायचं. लग्नानंतरही मोठ्या प्रसंगाला तोच नेसायचा. मंगळसूत्रासारखंच म्हणा, फक्त मंगळसूत्र सासरचं आणि हे माहेरचं. त्याशिवाय उभी राहिलेली सून सासरच्या पूर्वजांना दिसतच नाही, असं मा-शेझींचं म्हणणं.

“घागरे बाजारात तयार मिळतात, आत्या. आणेन एक.”

“बाजारातल्या गाईला शेझींचं घर ठाऊक आहे?”

“आणि हिचे केस काढून हिला काळं फासलंस तर हिला तरी कोण ओळखणार आहे?”

“बापाने दिलेलं अंगावर नेसायचं असतं पोरी, भिंतीला टांगायचं नसतं. आजवर तू पुष्कळ टांगल्यास लोकांच्या भिंतींना.”

बोंगेकिलेचा चेहरा पडला. मी मध्ये पडायचं टाळलं. कातडं एकच होतं आणि ते एकाच वाटेने जाऊ शकत होतं. केस एकदा काढले की परत येत नाहीत. दोघींचं पटेपर्यंत निदान ते खराब तरी होऊ नये म्हणून मी नेहमीची तपासणी सुरू केली. चिमटीत केस धरायचे आणि ओढायचे. मानेवरचे पक्के निघाले. पाठीवरचेही पक्के. उजव्या कुशीवर चिमूट धरली आणि केसांचा अख्खा झुबका, मुळासकट, माझ्या बोटांत आला.

मी तो मुठीत लपवला. बाजूला पुन्हा ओढून पाहिलं. तिथेही तेच.

“काल रात्री हिला कुठे ठेवलं होतं?” मी विचारलं.

“मोठ्या झोपडीत,” मा-शेझी म्हणाल्या. “मागच्या भिंतीशी, मांसाच्या शेजारी. ती पूर्वजांची जागा.”

“दार उघडं होतं?”

“उघडं कसं असेल? ते येतात, चाटतात, त्यांचं झालं की मग सकाळी आपण खायचं.”

“आणि मीठ?”

“पूर्वजांच्या ताटात मीठ घालत नाहीत.”

“घोंगडीत गुंडाळून ठेवली होती?”

“मग काय उघडी ठेवू? ज्याची गाय, त्याचीच घोंगडी.”

उन्हाळ्याच्या दिवसांत ओलं कातडं, बंद खोली, लोकरीची घोंगडी आणि मिठाचा कण नाही. खाटकाने असं कातडं आणलं असतं तर मी त्याला फाटकातूनच घालवून दिलं असतं. पण या बाईने निष्काळजीपणा केला नव्हता. तिला जितकं करता येईल तितकं मानाने केलं होतं, आणि त्या मानानेच गाईचे केस सुटायला लागले होते.

मी मूठ उघडून दाखवली. लपवण्यात अर्थ नव्हता.

बोंगेकिलेने केसांकडे पाहिलं, मग कुशीवरच्या उघड्या पडलेल्या चकतीकडे. मा-शेझी मात्र एकदम खुलल्या.

“बघ! रात्रभर चाटलीय त्याने. तुझ्या बापानेच केस काढायला घेतलेत, आणि तू माझ्याशी भांडतेस!”

“कुजलीय ती, आत्या!” बोंगेकिले ओरडली. “चाटली नाही, कुजली! तू तिला पोरासारखी गुंडाळलीस म्हणून कुजली!”

“घोंगडी तुझ्या बापाची होती.”

“म्हणून काय कुजायची थांबेल ती?”

मा-शेझींचा हात टेबलावरून खाली आला. पत्रे वाजत होते आणि मला उगाचच ते कोणीतरी जाऊन धरावेत असं वाटत होतं.

“ऐका,” मी म्हणाले. “केस धरून ठेवायला आत्ता लगेच आम्लाच्या पाण्यात टाकली तर डावी बाजू वाचेल बहुतेक. उजवीकडे टक्कल पडणार. कितपत ते सांगता येत नाही. आणि एकदा त्या पाण्यात गेली की पुढे धड घागराही होणार नाही. केस काढायचे असतील तर तेही आत्ताच काढायला हवेत. दुपार चढली की ना हे हाती लागेल, ना ते.”

बोंगेकिले मागच्या दाराने बाहेर गेली.

नेमका तेव्हाच माझा फोन वाजायला लागला. दोनदा कापला, तरी वाजतच होता. शेवटी घेतला.

“सारिके, हाईस कुठं गं? सकाळधरनं फोन लावालोय,” आईचा आवाज. आमच्या कोल्हापुरात बायकाही असंच बोलतात. “इचलकरंजीची मानसं आल्यात. पोरगी काय करती म्हनून इचारालेत. मी आपलं केमिकलमधी हाय म्हनून सांगितलंय. तू बी तसंच सांग. देऊ का फोन?”

“आत्ता नको आई. कामात आहे.”

“रविवारचं कसलं काम आलंय? बरं ऱ्हाऊ दे. पर फोन करशील तवा कातड्याचं नाव काढू नगंस. मानसं चांगली हाईत, पोरगा बँकेत हाय.”

त्या चांगल्या माणसांच्या घरात दोन पिढ्यांपूर्वी आमच्यासारखीच चामडं कापायची रापी होती हे आईला माहीत होतं, त्यांना माहीत होतं आणि मलाही माहीत होतं. शाळेत माझ्या शेजारी बसायला नको म्हणून मुली नाकाला रुमाल लावायच्या. तो रुमाल पुढे आमच्या घरच्यांनीच हातात घेतला. मी फोन बंद करून खिशात टाकला.

“कोण?” मा-शेझींनी विचारलं.

“आई. माझं लग्न जमवतायत.”

त्यांचा चेहरा सैल झाला. “तुझा बाप काय करतो?”

“चपला बनवतो. चामड्याच्या.”

“असं?” त्यांनी मला पहिल्यांदाच खालपासून वरपर्यंत नीट पाहिलं. “म्हणजे हाताला कातडं कळणारा माणूस. मग तुझ्या लग्नात तो काय बनवून देणार?”

मला हसू आलं. “माझ्या लग्नात तो साबणाने हात धुऊन येणार. पुन्हा पुन्हा धुऊन.”

त्या हसल्या नाहीत. पुढचं ऐकायला थांबल्यासारख्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला इतकी शरम वाटली की मीही मागच्या दाराने बाहेर पडले. शरम कातड्याची नव्हती. आमच्याकडे ती का वाटते हे या बाईला सांगता येत नव्हतं, त्याची होती.

बोंगेकिले पाण्याच्या टाकीच्या सावलीत उकिडवी बसली होती. हातात काडी घेऊन मातीत रेघोट्या मारत होती, पुसत होती आणि पुन्हा मारत होती. मी शेजारी बसले.

“आपल्याला वेळ नाही,” मी म्हणाले.

“ठाऊक आहे.”

“खरंच भिंतीवर हवीय तुला? आयुष्यभर गिऱ्हाइकांना विकून कंटाळलीस, आणि आता स्वतःच्या घरात?”

“भिंतीचं मी आत्याला सांगितलंय,” ती म्हणाली. “खरं सांगितलं तर रडत बसेल. बाबा तिचा एकुलता भाऊ.”

मग तिने सांगितलं. शेवटच्या वर्षी वडिलांचं विसरणं वाढत गेलं. आधी ते वार विसरले, मग बायको गेली आहे हे विसरले, मग बोंगेकिलेला. ती लापशीचं वाडगं पुढे करायची तर ते मोठ्या अदबीने विचारायचे, बाई, आपण कुणाकडच्या? ती सांगायची, मी तुमची बोंगेकिले. ते म्हणायचे, नाव छान आहे, आमच्याकडेही एक आहे.

“पण संध्याकाळी गुरं परतायची ना, तेव्हा गोठ्याच्या फाटकाशी जाऊन उभे राहायचे. ही गाय डोंगराच्या खांद्यावर दिसली की तिथून ओरडायचे, आल्या! बाया नदी ओलांडून आल्या! ठिपक्याएवढी दिसायची गं ती तिथून. तिला तिथून ओळखायचे. मला हातभर अंतरावरून नाही.”

तिने मातीतली रेघ तळव्याने पुसली.

“लग्नाच्या दिवशी आत्या त्यांना हाक मारणार. ये, तुझी मुलगी निघालीय, बघ. आणि ते येणार. येतात सगळे. तिथे काळे घागरे नेसलेल्या पन्नास बायका. त्यातली मी एक.” तिने काडी मोडली. “मला कशावरून ओळखणार, सारिका? केसांसकट हिला पांघरून उभी राहणार होते. लोकांनी येडी म्हटलं असतं तर म्हटलं असतं. ती दिसली असती, तर तिच्या आत कोण आहे हे तरी त्यांनी पाहिलं असतं.”

“डावी बाजू वाचेल,” मी म्हणाले. मलाच ते खोटं वाटलं.

“आणि उजवीकडून टकली? उजवीकडूनच तर बाया पाण्यात उतरतात.” ती उठली. “काढ केस. निदान आत्याचं तरी होऊ दे. पण मला बघायला बोलावू नको.”

मी आत गेले. कातडं अर्ध्या गोल लाकडावर पसरलं, दोन मुठींची सुरी घेतली आणि मानेपासून कामाला लागले. केस सैल करायचा चुना मा-शेझींनी लावू दिला नाही, नुसत्या सुरीने काढ म्हणाल्या. मग त्यांनी ती मघाची खुर्ची ओढून जवळ घेतली आणि बसल्या. बसल्या त्या बोलायलाच लागल्या, पण माझ्याशी नाही. भावाशी. मुलगा शिक्षक आहे. दारू पीत नाही म्हणतात, बघू. तुझी मुलगी तुझ्यासारखीच हट्टी. आज सकाळी पाहुण्यांना मांस पुरलं. अशी एकेक खबर त्या देत होत्या आणि माझ्या सुरीखाली तांबडे-पांढरे केस ओल्या लगद्यासारखे गोळा होऊन जमिनीवर पडत होते. कुशीवर ते नुसत्या धक्क्याने निघत होते. इतरत्र जोर लावावा लागत होता. मी डोकं खाली घालून काम रेटत होते, कारण थांबले असते तर पुन्हा सुरी चालवली गेली नसती. अशी बेचैनी मला कामात कधी वाटली नव्हती.

केस संपले. मी कातड्यावर पाणी ओतलं आणि भोथरी सुरी हातात घेतली. हे सगळे कातडीवाले करतात. केस कापले तरी त्यांची मुळं आत राहतात, त्यांचा काळा मळ राहतो, तो भोथऱ्या सुरीने दाबून बाहेर काढायचा असतो. कॉलेजात आमचे सर कातडं खिडकीपाशी नेऊन धरायचे आणि ते जितकं पांढरं तितके मार्क द्यायचे. मी मानेवर पहिला हात मारला. काजळासारखा मळ सुरीपुढे वाहत आला आणि मागे स्वच्छ, फिकट पट्टा उमटला.

त्या पट्ट्यामुळेच मला बाकीचं दिसलं.

पट्ट्याच्या शेजारी कातडं राखाडी होतं. खाली पोटाकडे फिकट. आणि या दोघांच्या मधोमध एक उंचसखल कड, कुठे वर गेलेली, कुठे घसरून खाली आलेली. केसांतली सगळी नक्षी, रंगाशिवाय, सावलीसारखी कातड्यात होती. उजव्या कुशीवर ती पुसट झाली होती, पण होती. कॉलेजात शिकताना कितीतरी कातड्यांवरून ही सावली मी स्वतःच्या हाताने दाबून काढली होती आणि मळ म्हणून नालीत सोडली होती.

मी सुरी खाली ठेवली.

“का थांबलीस?” मा-शेझींनी विचारलं. मी बाजूला सरकले. त्या उठून जवळ आल्या, वाकल्या, आणि त्यांचं बोट त्या कडेवरून चालायला लागलं. वर गेलं, खाली आलं, पुन्हा वर गेलं. मग त्यांनी गाईचं नाव घेतलं, हळू, पुरं वाक्य. आणि लगेच दाराकडे तोंड करून एवढ्या मोठ्याने हाक मारली की मीच दचकले.

“बोंगेकिले! ये इकडे!”

ती आली. दारातच थांबली, मग लाकडाशी येऊन उभी राहिली. तिने दोन्ही तळवे ओल्या कातड्यावर ठेवले.

“हे राहील?” तिने मला विचारलं.

“मी घासून काढलं नाही तर राहील. कमावताना बाभळीच्या सालीच्या पाण्यात सगळंच तपकिरी होईल, पण हे त्याहून गडद दिसेल.”

“आणि मग त्याच्यावर काजळी.” तिने हात उचलले. “मग दाखवलंस कशाला?”

मी मा-शेझींकडे पाहिलं.

“काळा तर लागणारच,” त्या म्हणाल्या. “सासरची माणसं बघणार. त्यांचे पूर्वज बघणार.” पण मघासारखा जोर आवाजात नव्हता.

“आत्या,” बोंगेकिले म्हणाली, “बाबा मला ओळखत नव्हते.”

“ठाऊक आहे मला.”

“तुला कसं ठाऊक? तू यायचीस तेव्हा मी त्यांना मुद्दाम आत झोपवून ठेवायचे.”

“मी उठवायचे त्याला. तू पाण्याला गेलीस की.” मा-शेझींनी पदरासारख्या गुंडाळलेल्या शालीने नाक पुसलं. “मला तो आई म्हणायचा. आई, माझी गुरं कुठे गेली? मी म्हणायचे, येतील रे बाळा, येतील. सख्ख्या भावाला बाळा म्हणायचे मी, बाईऽ, आणि काय करणार!”

बोंगेकिले रडायला लागली. मा-शेझी रडल्या नाहीत. त्यांनी कातड्याची कड दोन्ही हातांनी धरली, मला दुसरी धरायला खुणावलं आणि आम्ही ते उलटं केलं. आता मांसाची बाजू वर आली, फिकट, सपाट, कसलीच खूण नसलेली.

“काजळी इकडून लावायची,” त्या म्हणाल्या.

“ही तर आतली बाजू,” मी म्हणाले. “घागऱ्याला केसांची बाजू बाहेर असते ना?”

“आता ही बाहेर.”

“पण तुमची रीत...”

“रीत मला शिकवू नकोस. काळं त्यांना हवंय, त्यांना काळं दिसेल. ते काय घागरा उलटा करून बघणार आहेत?” त्यांनी बोंगेकिलेचा हात ओढून कातड्याच्या खाली घातला, सावलीच्या बाजूला. “ही बाजू तुझ्या अंगाला.”

“पण मग बाबांना दिसणार कशी?” बोंगेकिलेने विचारलं. “आतल्या बाजूला असेल तर?”

मा-शेझी तिच्याकडे अशा बघत राहिल्या की ही पोरगी खरंच आपल्या घरची का, असा प्रश्न त्यांना पडला असावा.

“तो काय पाहुण्यांत बसून तुला बघणार आहे? पाहुणे बाहेरून बघतात, पोरी. तो आतून बघतो.”

बोंगेकिलेने नाक वर ओढलं. मग लाकडावरचं ते जड, गार, गळतं कातडं उचलून तिने जीन्सवरूनच कमरेला लावलं, सावली आत, कोरी बाजू बाहेर. पाणी तिच्या पायांवरून बुटांत उतरत होतं, तरी ती हलली नाही. मा-शेझींनी मागून दोन्ही टोकं पकडली, ती अशी घट्ट ओढली की बोंगेकिलेला एक पाऊल मागे यावं लागलं, आणि खांद्यावरून माझ्यावर खेकसल्या,

“बघत काय उभी राहिलीस? माप घे.”